पडायची सोय

परवा ऑफिसमधल्या चहाच्या ब्रेकला मी सर्वेश कुशारेचं नाव काढलं. सप्टेंबर २०२५ मध्ये टोकियोला झालेल्या जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत आपला हा मराठी गडी उंच उडीच्या फायनलला गेला आणि सहावा आला. फायनल गाठणारा पहिला भारतीय! मी एकदम फॉर्मात सांगत होतो. शेजारच्या डेस्कवरचा मित्र चहात खारी बुडवत म्हणाला, ‘सहावा? मग त्यात काय एवढं, भावा? मेडल कुठाय?’

त्याचंही चुकत नाही म्हणा. आपलं कोल्हापूर म्हणजे निकालाचं गाव. पाठ टेकली की कुस्ती संपली. शाहू स्टेडियमवर पेठेची टीम हरली की त्या रात्री पेठेला जेवण गोड लागत नाही. आपल्या हिशेबात सहावा नंबर बसतच नाही.

तर मंडळी, थोडा हिशेब मांडू या. सर्वेशनं टोकियोत २.२८ मीटर पार केले. म्हणजे जवळपास साडेसात फूट. घरातल्या दाराच्या चौकटीकडे बघा. तिच्याहून उंच दांडी, हातात काठी नाही, स्प्रिंग नाही, नुसतं धावत यायचं आणि पाठीवरून पलीकडे जायचं. त्याची स्वतःची ती तोवरची सगळ्यात उंच उडी होती. एक वर्ष आधी, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये, याच गड्याची गाडी पात्रता फेरीत २.१५ वरच अडली होती. तिथून थेट जगातला सहावा!

या खेळाची एक गंमत आहे. दांडी वर वर चढत जाते आणि लागोपाठ तीनदा पडली की तुम्ही बाहेर. त्यामुळे गोल्ड मिळवणारासुद्धा बहुतेक वेळा शेवटी दांडी पाडूनच मैदान सोडतो. इथे पडणं कुणालाच चुकत नाही. प्रश्न एवढाच, की पडायचं कशावर?

पूर्वी उंच उडीवाले वाळूत नाहीतर लाकडाच्या भुशात पडायचे. साहजिकच, पायावर किंवा हातापायांवर सांभाळून उतरता येईल अशाच उड्या मारायचे. मग जाड फोमच्या गाद्या आल्या आणि १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये डिक फॉसबरी नावाच्या अमेरिकन पोरानं दांडीकडे पाठ करून उडी मारली. २.२४ मीटर, गोल्ड मेडल. आज सगळे तीच स्टाइल वापरतात. पण त्या उडीत माणूस पाठीवर, मानेजवळ आपटतो. वाळूवर कोण हे धाडस करेल? गादी मऊ झाली म्हणून उडीची पद्धतच बदलली.

आता या हिशेबात नाशिक जिल्ह्यातलं देवरगाव घाला. शेतकऱ्याचा मुलगा, उंच उडीचा नाद आणि गावात फोमची गादी नाही. मग शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी काय करावं? मक्याचा भुसा, कापूस असं गावात मिळेल ते भरून पोराला पडायची सोय करून दिली. सर्वेश ती उडी शिकला या जुगाडावर. पुढे तो लष्करात गेला, २०२३ मध्ये बँकॉकला आशियाई स्पर्धेत २.२६ मीटरवर सिल्व्हर मिळवलं आणि मग टोकियो. फॉसबरीच्या गोल्डपेक्षा चार सेंटिमीटर वर!

हे सगळं ऐकून मित्र म्हणाला, ‘आपल्याकडं असं कुठं असतंय?’

आता मात्र मी खारी खाली ठेवली. आपल्याकडं नाही? अरे, तालमीतला हौदा काय असतो? लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ करतात, ती पोरांनी बिनधास्त पडावं म्हणूनच ना! आणि खाशाबा जाधव? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले, कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला. मातीत घडलेला पैलवान तिथे मॅटवर उतरला आणि कितवा आला? सहावा! मेडल कुठाय म्हणून कोल्हापूर तिथेच थांबलं असतं तर? चार वर्षांनी पुन्हा पैशांची अडचण आली, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्रिन्सिपल खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२, हेलसिंकी, ब्राँझ. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक मेडल. मेडलवर नाव खाशाबांचं, पण खालची गादी खर्डेकरांनी घातली होती.

मित्र गप्प झाला. त्याचं कारण मला माहीत होतं. सहा महिने झाले, त्याच्या मेलच्या ड्राफ्टमध्ये राजीनामा पडून आहे. त्याला स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय. प्लॅन तयार आहे, पहिलं गिऱ्हाईकसुद्धा तयार आहे. पण घराचा हप्ता आहे, वडील रिटायर झालेत आणि रोज रात्री तोच प्रश्न, ‘पडलो तर?’

इतके दिवस मी त्याला टाळ्या द्यायचो. ‘मार रे उडी, बघू पुढं!’ फुकटचं प्रोत्साहन, दुसरं काय. वाळूच्या खड्ड्याकडे बोट दाखवून फॉसबरी हो म्हणण्यातला प्रकार. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच आम्ही दोघं रंकाळ्यावर कागद-पेन घेऊन बसलो. त्याचे किती महिन्यांचे हप्ते बाजूला आहेत, कमी पडले तर मी किती देऊ शकतो, शनिवार-रविवारी त्याची कुठली कामं मी ओढू शकतो, असं सगळं लिहून काढलं. आकडा खर्डेकरांएवढा मोठा नाही झाला. पण भुशाची का होईना, एक गादी तयार झाली.

राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच आहे. पण काल त्यानं त्यात तारीख टाकली.

तुमच्या ऑफिसातही असा एखादा ड्राफ्टवाला असेलच. पुढच्या चहाला त्याला ‘मार उडी’ म्हणायच्या आधी, पडला तर कुठं पडेल, एवढं विचारून बघा.