रंग स्वस्त, म्हणून काम हलके?

दिवाळीच्या किल्ल्यांचे दिवस आले की आपल्या कोल्हापुरात अलीकडे एक मत हमखास कानी पडते. किल्ल्यावरची मातीची चित्रे नीट रंगवायची तर परदेशी रंगच हवेत. पेठेतल्या दुकानातले स्वस्त ॲक्रिलिक म्हणजे पोरखेळ! मित्रहो, हे मत मला पटत नाही.

परदेशी रंगांचा मोठेपणा आधी मान्य करू. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचे नियम बांधून दिले. पुढे हा छंद जगभर पसरला. आज त्यातले पुष्कळसे सैनिक २८ मिलिमीटरच्या मापाचे, म्हणजे जेमतेम इंचभर असतात. एवढ्याशा चेहऱ्यावर रंगाचा जाड थर बसला की नाकडोळे बुजतात. म्हणून त्यांच्यासाठी खास रंग निघाले. त्यांत रंगद्रव्य बारीक आणि भरपूर असते, एकदोन पातळ हातांत अंग झाकते. आपल्या तीसेक रुपयांच्या बाटलीत रंगद्रव्य कमी आणि भरणा जास्त. त्यातला पिवळा तर काळ्यावर दिसतच नाही. हे सारे खरे.

पण उणीव कळली की उपायही सापडतो. चित्राला आधी पांढरे अस्तर द्यावे. मग रंगाचा पातळ हात, तो पुरता वाळल्यावर दुसरा, लागल्यास तिसरा. पाणी मात्र बेताने घालावे. रंगाला धरून ठेवणारा चीक फार पातळ झाला की पकड सुटते. शिवाय कच्च्या मातीला जास्त पाणी सोसत नाही. पिवळ्यात किंचित पांढरा मिसळला की तो झाकू लागतो. पोस्टर रंगावर ओला ब्रश फिरवला की खालचा थर उठतो. वाळलेले ॲक्रिलिक उठत नाही. म्हणजे स्वस्त रंग मागतो तो वेळ आणि धीर. हे दोन्ही दुकानात मिळत नाहीत, आणि गरिबाच्या घरी त्यांचा तुटवडाही नसतो.

माझे वडील उद्यमनगरात फौंड्रीत साचे भरतात. घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे हा प्रश्न मला केवळ रंगाचा वाटत नाही. आमच्या गल्लीतल्या पोरांनी पन्हाळा उभा केला होता. १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा, आणि महाराजांचे सोंग घेऊन पालखीत बसलेला शिवा काशिद. बाजारात शिवा काशिद मिळाला नाही, तेव्हा पोरांनी महाराजांचेच दुसरे चित्र आणून ते नव्याने रंगवले. स्पर्धेचे परीक्षक आले. त्यांचा पहिला प्रश्न, “रंग कुठले वापरलेत?” उत्तर ऐकून ते पुढे सरकले. पालखीत कोण बसले आहे, हे त्यांनी वाकून पाहिलेसुद्धा नाही.

बक्षीस हुकले याचे मला दुःख नाही. पण साधनाची किंमत विचारून कामाची किंमत ठरू लागली, तर ज्यांच्या हातात साधन नाही त्यांनी ब्रश धरायचाच नाही काय? आणि हे कोल्हापुरात घडावे? याच गावात बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले, स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. तयार विलायती यंत्राची वाट पाहत ते बसले नाहीत.

ज्याला परवडतात त्याने महाग रंग जरूर घ्यावेत. त्याने काम सोपे होते. परंतु सोपे झालेले काम आपोआप श्रेष्ठ ठरत नाही. आपल्या महाविद्यालयात कधी किल्ल्यांची स्पर्धा भरली, तर परीक्षक होणाऱ्या प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे: आधी गुडघे टेकून चित्र पाहावे, बाटलीची चौकशी मागाहून करावी. आणि मित्रांनो, आपणही पैसे जमेपर्यंत थांबू नये. पांढऱ्या अस्तराला आजच सुरुवात करावी.