सर्किट नाही, पण सेट समोर आहे

व्हॉल्व्ह रेडिओचे काम हाती आले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सर्किट कुठे मिळेल? मर्फीचा ठाण्यातला कारखाना बंद झाला, मुंबईच्या नॅशनल एको आणि टेलिरॅडचे सेट घरांत उरले, बाजारात नाहीत. कंपन्यांची सर्व्हिस शीट डीलरकडे असत. दुकाने मोडली तशी त्यांतली बरीचशी रद्दीत गेली.

अंजनवेलसारख्या गावातून सेट आला, तर कामाची सुरुवात अधिकच जपून करावी लागते. वीज पोचली नव्हती तेव्हा चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेले सेट कोरड्या बॅटरीवर चालत. डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ अशी चौकडी अशा सेटांत नेहमी भेटते. फिलॅमेंटला १.४ व्होल्ट आणि एचटीला ९० व्होल्ट लागतात. मूळची बॅटरी आता मिळत नाही. नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून एचटी उभी करता येते. पण प्लगची कोणती पिन कशाची, हे न कळता जोडणी केली आणि ९० व्होल्ट फिलॅमेंटवर गेले, तर चारही व्हॉल्व्ह एका क्षणात जातात.

इथे सर्किटची वाट पाहत बसण्याची गरज नाही. सगळे व्हॉल्व्ह काढा, स्विच ऑन ठेवा आणि डीके ९६ च्या सॉकेटवरच्या १ व ७ या पिनांपासून मीटरने बॅटरीच्या प्लगपर्यंत माग काढा. त्या फिलॅमेंटच्या पिना आहेत. व्हॉल्व्ह मॅन्युअल हाताशी असेल तर बाकीचे सर्किटही असेच उलगडत जाते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले. त्यांतल्या युरोपीय क्रमांकांच्या व्हॉल्व्हना त्याच क्रमांकाची युरोपीय माहिती चालते. पहिले अक्षरच बरेच सांगते: डी म्हणजे १.४ व्होल्ट, ई म्हणजे ६.३ व्होल्ट, यू म्हणजे १०० मिलिअँपिअरची हीटर साखळी. यूसीएच ८१ दिसला की चासीला हात लावण्याआधी थांबा. अशा एसी-डीसी सेटची चासी थेट मेन्सशी जोडलेली असू शकते.

व्हॉल्व्हची काच फडक्याने पुसू नका, छपाई निघून जाते. क्रमांक पुसट असेल तर काचेवर तोंडाची वाफ सोडून तिरक्या उजेडात वाचा. वाशिष्ठीच्या मुखावरच्या खाऱ्या, दमट हवेत मागच्या पुठ्ठ्यावरचा नकाशाही फार टिकत नाही. तो हाती लागताच त्याचा फोटो घ्या. डायलची दोरी तुटकी असली तरी काढण्यापूर्वी तिची वाट कागदावर उतरवा.

आणि जे कोणत्याही शीटमध्ये नसते, त्याचे काय? हवा तो व्हॉल्व्ह मिळाला नाही म्हणून सॉकेटची वायरिंग बदलून दुसरा बसवणारे कारागीर प्रत्येक तालुक्यात होते. असा सेट छापील सर्किटशी जुळणारच नाही. गुहागर, चिपळूण, दापोलीकडे ज्यांनी आयुष्यभर हे काम केले, त्यांच्या वह्यांत आणि डोक्यात हे सगळे आहे. ही माणसे थकली आहेत. त्यांच्या शेजारी बसून लिहून घेणे हे आपल्या व्यवसायातले आजचे सर्वांत तातडीचे काम आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

म्हणून वाचकांना विनंती: पुढचा सेट उघडाल तेव्हा एकही सुटा भाग बदलण्याआधी हाताने सर्किट काढा. दुरुस्तीनंतर प्रत्येक पिनवरचे व्होल्टेज त्यावर लिहा आणि मॉडेलच्या क्रमांकासह आमच्याकडे पाठवा. रेखाटन ओबडधोबड असले तरी चालेल, आम्ही ते छापू.