फाटकाबाहेरचं जेवण

फौजी नवऱ्याच्या बदलीमागे बिऱ्हाड हलवणं सातारा-सांगलीकडच्या बायकांना नवीन नाही. पण बदली परदेशातच झाली तर? जर्मनीत रामस्टाइन हवाईतळाभोवती, कायझर्सलाउटर्न परिसरात १९५०च्या दशकापासून अमेरिकन फौजी कुटुंबं राहतात. तळावर शाळा, दवाखाना, किराणा सगळं अमेरिकेसारखं, दरसुद्धा डॉलरमध्ये. फाटकाबाहेर फारसं पाऊल न टाकताही दोन-तीन वर्षांचा संसार सहज होतो. सोय आहेच, पण मला त्यात कोंडमाराही दिसतो. नवरा मोहिमेवर, माहेर समुद्रापार. हातची नोकरी सोडून आलेली बाई दिवसभर बोलणार कुणाशी?

म्हणून गावातल्या खानावळीत जेवायला जाणं मला चैन वाटत नाही. तिथं सगळंच वेगळं. पाणी मागा, तर बहुधा बुडबुड्यांची बाटली येते, आणि तिचे पैसे पडतात! जेवण झालं तरी आपण मागेपर्यंत बिल येत नाही; उठवायची घाई कुणालाच नाही. टीप टेबलावर ठेवून निघायचं नाही, पैसे देतानाच वाढवून सांगायची. डुकराच्या जठरात मांस-बटाटे भरून केलेला ‘झाउमागन’ हा तिथला खास पदार्थ. पोरं नाकं मुरडतात आणि तळलेलं ‘श्नित्सेल’ मागतात. (पोरं इथूनतिथून सारखीच!)

तळाच्या कागदोपत्री ती ‘डिपेंडंट’, म्हणजे नवऱ्यावर अवलंबून असलेली. खानावळीत मात्र मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सगळ्यांचं जेवण तीच मागवते. पोरं हसतात. हसू देत.