चाचणीचे शिक्षण आणि उद्योगांची मागणी

२०१७ साली मुंबई विद्यापीठाने १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचे ठरविले. पुरेशी चाचणी न घेताच नवी व्यवस्था एकदम लागू झाली. निकाल रखडले, अनेकांचे पुढील प्रवेश अडले आणि ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. याच विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात 'सॉफ्टवेअर टेस्टिंग' हा विषय आहे!

सदोष आज्ञावलीची किंमत ती बनविणाराच मोजतो असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अपुऱ्या चाचणीमुळे त्या देशाचे होणारे नुकसान वर्षाला ५९.५ अब्ज डॉलर इतके अंदाजिले होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक भार वापरणाऱ्यांवर पडत होता. म्हणूनच चाचणीचे शिक्षण हा केवळ कंपन्यांच्या सोयीचा प्रश्न नव्हे.

पदवीधरास व्याख्या येतात, दोष हुडकता येत नाहीत, ही उद्योगांची तक्रार खरी आहे. 'ब्लॅक बॉक्स' व 'व्हाइट बॉक्स' चाचणींतील फरक लिहावयास पाठांतर पुरते. परंतु आमची साधनेच अभ्यासक्रमात घाला, हा त्यांचा उपाय मात्र पारखून घ्यावयास हवा. काल क्यूटीपी होते, मग सेलेनियम आले, आता प्लेराइटचे नाव निघते. अभ्यास मंडळ ठराव करीपर्यंत साधन बदललेले असते. गॅरी बेकर यांनी १९६४ साली सर्वत्र उपयोगी पडणारे आणि एकाच आस्थापनेपुरते उपयोगी असलेले प्रशिक्षण असा भेद मांडला. दुसऱ्याच्या खर्चातून मालकाने अंग काढून घेणे न्याय्य नाही. आज तसेच घडते. पुण्यातील खासगी क्लासमध्ये विद्यार्थी तेच पुन्हा पैसे भरून शिकतो. म्हणजे विद्यापीठाचे शुल्क वेगळे आणि नोकरीचे वेगळे!

विद्यापीठाने शिकवावयाचे ते निराळे : कोणती चूक सर्वांत महाग पडेल, वेळ अपुरा असता आधी काय तपासावे, सापडलेला दोष दुसऱ्यास पुन्हा घडवून पाहता येईल असा कसा लिहावा. याची परीक्षा तीन तासांच्या उत्तरपत्रिकेत होत नाही. विद्यार्थ्यापुढे मुद्दाम दोष ठेवलेली आज्ञावली ठेवावी आणि शोधलेल्या दोषांना, त्यांच्या नोंदीला गुण द्यावेत. अध्यापक नाहीत ही सबब आता पुरी पटत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' ही तरतूद केली असून मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत अनुभवी व्यावसायिक, पीएच.डी. नसली तरी, नेमता येतात. उद्योगांनी आपली अनुभवी माणसे वर्षभरासाठी पाठवावीत आणि त्यांचे वेतन स्वतः द्यावे.