विश्लेषण : शाळेच्या वाहनांसाठी सोसायटीचा रस्ता बंद करता येतो का?

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या, की दाट वस्तीच्या शहरांत एक जुना वाद नव्याने पेटतो. शाळा गल्लीच्या टोकाला असते आणि गल्ली सोसायटीच्या आवारातली. शाळा भरताना आणि सुटताना तिथे रिक्षा, व्हॅन आणि दुचाकींची रांग लागते. रहिवासी ‘खासगी रस्ता’ अशी पाटी लावून गेटला कुलूप घालतात. पालकांचे म्हणणे, रस्ता सर्वांचा आहे. भिवंडीच्या निजामपुऱ्यासारख्या अरुंद गल्ल्यांच्या भागात तर गाडी वळवायलाही जागा नसते. अशा वेळी कायदा नेमका कोणाच्या बाजूने उभा राहतो?

भिवंडीत हा प्रश्न अधिक बिकट का?

२०११ च्या जनगणनेनुसार भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेची लोकसंख्या सात लाखांहून अधिक होती. शहर वाढले ते यंत्रमागांभोवती. मागाच्या शेड ज्या आवारांत उभ्या राहिल्या त्यांना इथे ‘कंपाउंड’ म्हणतात. पुढे अनेक कंपाउंडांत राहत्या इमारती आल्या, पण आतल्या वाटा मात्र जुन्याच राहिल्या. त्यांची जमीन कोणाच्या नावावर आहे, हे तिथे राहणाऱ्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. त्यात मुख्य रस्त्यांवर गोदामांकडे जाणाऱ्या अवजड वाहनांची वर्दळ असते आणि ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या कामाने रस्ते आणखी आक्रसले. साहजिकच वाहने आतल्या वाटा शोधतात.

प्रश्न केवळ गैरसोयीचा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत पहाटे कोसळून किमान ३८ जणांचा मृत्यू झाला. अशा प्रसंगी बचावपथक, अग्निशमन बंब आणि रुग्णवाहिका आतपर्यंत पोहोचणे हाच जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. शाळा सुटण्याच्या वेळी अडलेली गल्ली म्हणजे दिवसातून दोनदा हा मार्ग बंद होणे.

रस्ता ‘खासगी’ कधी ठरतो?

पाटी लावल्याने रस्ता खासगी होत नाही. मंजूर आराखड्यात तो कसा दाखवला आहे, तो महापालिकेकडे हस्तांतरित झाला आहे का आणि जमीन कोणाच्या नावे आहे, यावर ते ठरते. अनेक सोसायट्यांत तर जमीन अजून बिल्डरच्याच नावावर असते. रस्ता सांभाळणारी सोसायटी म्हणजे रस्त्याची मालक असेलच असे नाही. त्यासाठी मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद २००८ मध्ये राज्याच्या कायद्यात आली.

मालकी सिद्ध झाली तरी ती पूर्ण हक्क देत नाही. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ नुसार २० वर्षे उघडपणे, शांततेने, हक्क म्हणून आणि खंड न पडता वापरलेल्या वाटेवर वहिवाटीचा हक्क सांगता येतो. शाळा जुनी असेल आणि तिची वाट याच गल्लीतून असेल, तर गेट बंद करण्याआधी हा मुद्दा तपासावाच लागतो.

वाहतूक पोलीस आत कारवाई करू शकतात का?

मोटार वाहन कायदा, १९८८ मालकी विचारत नाही. लोकांना जिथे प्रवेशाचा हक्क आहे तो रस्ता, गल्ली किंवा जागा त्याच्या व्याख्येत ‘सार्वजनिक जागा’ ठरते. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८० च्या दशकात, आधीच्या कायद्यातील याच व्याख्येचा अर्थ अपघात विम्याच्या संदर्भात व्यापक लावला होता. लोक हक्काने येत असोत वा नियंत्रित प्रवेशाने, ती जागा सार्वजनिक मानता येते, असा त्याचा आशय होता. याउलट, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यातील बंदिस्त आवार सार्वजनिक जागा नाही असे मानले. तिथे बाहेरच्या लोकांना मुक्त प्रवेश नव्हता.

दोन्ही निकालांचे विषय वेगळे आहेत. एक विम्याचा, दुसरा वाहन कराचा. तरीही सोसायट्यांसाठी त्यातून एक धडा निघतो. गल्ली लोकांसाठी खुली असेल, तर अडथळा होईल असे वाहन उभे करण्यास मनाई करणारे कलम १२२ आणि वाहन हटवण्याचे कलम १२७ लागू होण्याची बाजू भक्कम होते. गेट बंद आणि प्रवेश केवळ परवानगीने असेल, तर पोलीस ‘हा तुमचा अंतर्गत प्रश्न’ म्हणण्याची शक्यता वाढते. कुलूपबंद गेट आणि आत दंड करणारा वाहतूक पोलीस, असे दोन्ही एकत्र मिळणे कठीण. सोसायटीला यातून एक निवडावे लागते.

सोसायटीचे अधिकार किती?

रस्ता खरोखर सोसायटीचा असेल, तर सर्वसाधारण सभेच्या ठरावाने प्रवेशाचे नियम करता येतात, पाहुण्यांच्या वाहनांची जागा ठरवता येते आणि सदस्यांना उपविधींनुसार दंडही लावता येतो. बाहेरच्या वाहनचालकावर मात्र हा दंड चालत नाही. चाकाला जॅमर लावण्याचा किंवा गाडी उचलून नेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याने सोसायटीला दिलेला नाही. माणसाला अडवून ठेवले, तर उलट सोसायटीवरच तक्रार होऊ शकते. सोसायटीने रंगवलेली ‘नो पार्किंग’ची पाटी ही कायद्याच्या दृष्टीने वाहतूक चिन्ह नव्हे. ते लावण्याचा अधिकार कलम ११६ नुसार राज्य सरकारला किंवा त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला आहे.

दुसरा पर्याय म्हणजे रस्ता महापालिकेकडे सोपवणे. मग दुरुस्ती, दिवे आणि वाहतूक नियमनाची जबाबदारी सार्वजनिक यंत्रणेवर येते, पण गेटवरचा हक्क कायमचा जातो.

शाळेची जबाबदारी काय?

या वादात सर्वांत कमी बोलले जाते ते शाळेबद्दल. स्कूल बसविषयीच्या राज्याच्या २०११ च्या नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे अपेक्षित आहे. मुख्याध्यापक तिचे प्रमुख असतात. पालक-शिक्षक संघ, पोलीस, मोटार वाहन विभाग, शिक्षण विभाग आणि स्थानिक स्वराज्य संस्था यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. मुलांची सुरक्षित ने-आण आणि बसथांबे हे तिचेच विषय. ज्या सोसायटीच्या दारात ही गर्दी होते तिला या यादीत स्थान नाही, पण तिच्या प्रतिनिधीला बैठकीला बोलावण्यात अडचणही नाही.

शाळेच्या वेळाही महत्त्वाच्या आहेत. दोन सत्रांच्या शाळेत दुपारी सुटणारी आणि भरणारी मुले एकाच वेळी रस्त्यावर येतात. त्यातच फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरवण्यास सांगितले. लहान मुलांच्या झोपेसाठी ते योग्यच, पण त्यामुळे त्यांची ने-आण कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीच्या जवळ सरकली. दोन सत्रांत १५-२० मिनिटांचे अंतर ठेवणे आणि इयत्तांनुसार टप्प्याटप्प्याने सोडणे, याला पैसा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही.

इतर शहरांनी काय केले?

इटलीतील बोल्झानो शहराने १९८९ मध्ये शाळेसमोरचा रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळेपुरता वाहनांना बंद करण्यास सुरुवात केली. पुढे लंडनमध्ये अशा ‘स्कूल स्ट्रीट’ची संख्या पाचशेच्या वर गेली. तिथे साधारणपणे रहिवाशांच्या वाहनांना सूट असते. पालक थोड्या अंतरावर गाडी थांबवून मुलांना चालत आणतात. मुंबईतही भायखळ्याच्या मिर्झा गालिब मार्गावर शाळांसमोर पादचारी मुलांसाठी जागा आखण्याचा प्रयोग झाला.

मग तोडगा कसा निघेल?

आधी कागद पाहावेत. मंजूर आराखडा आणि रस्त्याची नोंद माहितीच्या अधिकारात महापालिकेकडून मागता येते. त्यानंतर शाळा, सोसायटी आणि पोलीस यांनी परिवहन समितीत बसून वाहने थांबवण्याची जागा गल्लीच्या बाहेर ठरवावी. तिथून आत चालत यायचे आणि रुग्णवाहिकेसाठी एक बाजू कायम मोकळी ठेवायची. हे जमण्यासारखे आहे, कारण शिक्षण हक्क कायद्याखालील राज्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत अपेक्षित आहे. म्हणजे कायद्याने गृहीत धरलेले मूल मुळात चालत शाळेत येणारे आहे. आज गेटवरच्या भांडणात रहिवासी आणि वाहनचालक दोघांचाही आवाज ऐकू येतो. उभ्या गाड्यांच्या मधून दप्तर सावरत वाट काढणारे हे मूल मात्र कोणाच्याच तक्रारीत नसते.