कडी आतून लागते का?

गेल्या वर्षी जर्मनीत शिकणाऱ्या आमच्या मुलीला भेटायला आम्ही दोघे नवरा-बायको गेलो होतो. परत आल्यावर मिरजकर तिकटीवर जो भेटेल तो एकच विचारायचा, "हॉटेलला किती गेले?" आम्ही सांगायचो, "हॉटेल कुठलं, हॉस्टेलात राहिलो." मग समोरचा आमच्या पांढऱ्या केसांकडे बघायचा. "म्हणजे बोर्डिंगात? ह्या वयात?"

त्याचं चुकत नव्हतं. कोल्हापूरकराला हॉस्टेल म्हटलं की बोर्डिंगच आठवणार. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ पासून एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला सुरुवात केली. १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली तेव्हा महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले आणि आपलं मुस्लिम बोर्डिंग सुरू झालं. दसरा चौकातून जाताना आजही आपण ते बघतो. आमचे एक चुलते तिथं राहून शिकले. युरोपातल्या हॉस्टेलची सुरुवातही एका शिक्षकाच्या काळजीतून झाली. रिचर्ड शिरमान नावाचे जर्मन मास्तर १९०९ च्या ऑगस्टमध्ये शाळेतली मुलं घेऊन पायी सहलीला निघाले होते. वाटेत वादळी पावसानं गाठलं, तेव्हा एका गावच्या शाळेत गवतावर झोपून त्यांनी रात्र काढली. सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या अशा जागा मुलांच्या मुक्कामाला का देऊ नयेत, हा विचार त्यांना तिथं सुचला. १९१२ मध्ये आल्टेना गावच्या किल्ल्यात पहिलं यूथ हॉस्टेल उघडलं. आज तिकडच्या हॉस्टेलात मुलंही असतात, आमच्यासारखे पांढऱ्या केसांचेही असतात, आणि भाडं खोलीचं नाही, खाटेचं असतं.

हे सगळं पुन्हा निघायचं कारण शेजारची पोरगी. तिला म्युनिकला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला, व्हिसाही आला. विद्यार्थी वसतिगृहाची प्रतीक्षायादी मात्र लांबलचक. खोली मिळेपर्यंत पहिले काही दिवस हॉस्टेलात काढायचे असं तिनं ठरवलं. तिचे अब्बा म्हणाले, "दादी हो म्हणाली तर माझी ना नाही." दादींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "कडी आतून लागते का?"

याचं उत्तर पोरीला देता येईना. म्हणून एका संध्याकाळी मगरिबनंतर ती लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आली. "चाची, तुम्ही राहिलात ना? मग तुम्हीच सांगा दादीला." आमच्या बेगम म्हणाल्या, "सांगू. आधी तू काय बघितलंस ते दाखव."

तिनं स्वस्तातलं स्वस्त शोधून ठेवलं होतं. बारा खाटांची खोली, बरोबर 'मिक्स' असा शब्द. पहिली गफलत इथंच होते. मिक्स म्हणजे पुरुष आणि बायका एकाच खोलीत. दरांची यादी स्वस्ताकडून महागाकडे लावली की बहुधा हीच खोली सगळ्यात वर येते आणि घाईत माणूस तीच पक्की करतो. फक्त स्त्रियांची खोली वेगळी शोधावी लागते. चार, सहा, आठ खाटांच्या अशा खोल्या बऱ्याच हॉस्टेलांत असतात, सगळ्यांत नसतात. दर थोडा जास्त असतो. आम्ही तिला सांगितलं, तुझी तुलना इथून सुरू कर. त्याच्या खालचा आकडा तुझ्यासाठी नाहीच, मग तो स्वस्त असून तुला काय उपयोग?

स्त्रियांच्या खोल्यांचे दर लावून बघितले आणि आम्हीही चक्रावलो. एका खाटेला आम्ही अख्ख्या खोलीला दिले होते त्याहून जास्त! बऱ्याच ठिकाणी तर जागाच शिल्लक नाही. पोरगी रडकुंडीला आली. मग आमच्या मुलीला फोन लावला. तिनं तारीख विचारली आणि हसायलाच लागली. "अब्बू, ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चाललीय. म्युनिकमध्ये तेव्हा ऑक्टोबरफेस्ट असतो!"

नाव ऑक्टोबरचं असलं तरी ही बिअरची जत्रा सप्टेंबरच्या मध्यानंतर सुरू होते आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपते. दोन आठवड्यांहून थोडी जास्त चालते आणि साठ लाखांहून अधिक लोक येतात. जत्रेचं मैदान मुख्य रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, आणि शहरातली बरीच हॉस्टेलं त्याच स्टेशनभोवती आहेत. म्हणजे दर आभाळाला, शिवाय रात्री दोन वाजता जिन्यात पिऊन आलेल्यांचा गोंधळ. नवख्या मुलीनं पहिली रात्र तिथं का काढावी? आणि उलटी गंमत बघा. त्याच स्टेशनच्या दक्षिण बाजूला, ग्योटे रस्ता आणि लांडवेअर रस्त्याच्या परिसरात, तुर्की आणि अरब दुकानं आहेत. हलाल मटण, रोटी, डाळ-तांदूळ सगळं चालत जाऊन मिळतं. म्हणजे जत्रेच्या दिवसांत टाळावी अशी जागा जत्रा उठली की तिच्यासाठी सगळ्यात सोयीची.

तर प्रश्न हॉस्टेलचा नव्हता, तारखेचा होता. विमानाचं तिकीट अजून काढलं नव्हतं, हे नशीब. तिकडं व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. जत्रा संपल्यानंतरचा मंगळवार धरून पुन्हा शोधलं, तर तीच सहा खाटांची स्त्रियांची खोली निम्म्याहून कमी दरात दिसायला लागली. मंगळवार का, तर रविवारी जर्मनीत किराण्याची दुकानंसुद्धा बंद असतात, आणि ३ ऑक्टोबरला त्यांच्या एकीकरण दिनाची सुट्टी असते. पोचल्या पोचल्या बंद शहर बघायला मिळू नये. इतर शहरांचंही असंच. कोलोनला मोठी व्यापारी प्रदर्शनं भरतात तेव्हा खाटांचे दर चढतात. खाट बघण्याआधी त्या आठवड्यात गावात काय आहे ते बघावं. आपल्याकडे नवरात्रात अंबाबाईच्या देवळाजवळ खोली शोधणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

किती रात्रींचं बुकिंग करायचं यावरही खल झाला. तिच्या अब्बांचं म्हणणं महिन्याचंच करून टाकावं, एकदाची चिंता मिटेल. आमचं मत उलट पडलं. तिथं राहत्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं पत्र लागतं. हॉस्टेल असं पत्र बहुधा देत नाही. ती नोंद अडली की पुढची बरीच कागदपत्रं अडतात. म्हणून हॉस्टेल हा टप्पा समजावा, पत्ता समजू नये. दुसरं म्हणजे व्हिसासाठी ब्लॉक खात्यात भरलेले वर्षाचे ११,९०४ युरो पहिल्याच दिवशी हातात येत नाहीत. तिकडं खातं सुरू झालं की महिन्याच्या हप्त्यानं मिळतात. हॉस्टेलचे आणि पहिल्या महिन्याच्या पोटापाण्याचे पैसे वेगळे काढून ठेवावे लागतात. शेवटी दहा रात्री ठरल्या.

मग अभिप्राय वाचायला बसलो. दहापैकी नऊ गुण बघून भुलू नये. गेल्या दोन-तीन महिन्यांत राहून गेलेल्यांचं, त्यातही एकट्या आलेल्या बायकांचं म्हणणं आधी वाचावं. 'वातावरण फार मजेशीर, रात्रभर धमाल' असं कौतुक असेल तर ते हॉस्टेल आपलं नव्हे. ढेकणांची तक्रार एकाहून जास्त जणांनी केली असेल तर पुढं वाचायचीही गरज नाही. 'शहराच्या मध्यापासून दोन किलोमीटर' या ओळीला फारसा अर्थ नाही. नकाशा उघडून स्टेशनपासून किंवा ट्रामच्या थांब्यापासूनचं अंतर मोजावं, कारण बॅग आपल्यालाच ओढायची असते. आणि काउंटर चोवीस तास उघडा असतो का, हे बघावंच. काही ठिकाणी रात्री तो बंद होतो.

पडद्यावरचा आकडा हा शेवटचा आकडा नसतो, हे आम्ही पैसे देऊन शिकलो. काही हॉस्टेलांत चादरीचे वेगळे पैसे, आणि स्वतःची झोपायची पिशवी नेलेली चालत नाही. टॉवेल भाड्यानं. कपाटाला कुलूप आपलं. बरीच शहरं पर्यटकांकडून मुक्कामाचा कर घेतात. ॲमस्टरडॅममध्ये तो २०२४ पासून साडेबारा टक्के आहे. म्हणजे समजा ४० युरोच्या खाटेवर ५ युरो आणखी, युरो शंभराच्या आसपास धरला तर रात्रीला पाचशे रुपये. म्युनिकमध्ये मात्र हा कर नाही, बव्हेरिया राज्यानं आपल्या पालिकांना तो लावायला मनाई केली आहे. आणि कार्डाचं यंत्र 'रुपयांत की युरोत' असं विचारेल तेव्हा युरो निवडावं. रुपयांत आकडा ओळखीचा वाटतो, पण विनिमयाचा दर त्यांचा असतो. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार आधी सुरू करावे लागतात. आपल्याकडे नवीन कार्डावर ते बंदच असतात.

आमचं खरं नुकसान वेगळ्याच गोष्टीत झालं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा लागतो. मोठ्या माणसाची फी ९० युरो आणि ३०,००० युरोंचा विमा, हे वेगळंच. आम्ही हौसेनं सगळ्यात कमी दराची, पैसे परत न मिळणारी बुकिंगं केली. व्हिसा उशिरा आला, तारखा पुढं गेल्या आणि तीन रात्रींचे पैसे बुडाले. बेगम आजही तो आकडा अधूनमधून काढतात. व्हिसा हातात नसेल तर मोफत रद्द करता येईल तेच बुकिंग करावं, चार पैसे जास्त पडले तरी. रद्द करायची शेवटची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे असते, तीही कागदावर लिहून ठेवावी.

कुटुंबानं जाणाऱ्यांना वेगळा हिशोब करावा लागतो. बऱ्याच हॉस्टेलांत १८ वर्षांखालच्या मुलांना सामायिक खोलीत घेत नाहीत, आणि काही ठिकाणी वयाची वरचीही मर्यादा असते. तिघे-चौघे असाल तर चार खाटांची पूर्ण खोली घ्यावी. तीन सुट्या खाटांहून ती फारशी महाग पडत नाही आणि पडद्याचाही प्रश्न राहत नाही. आम्ही मुलीबरोबर दोन शहरांत तेच केलं. एका ठिकाणी तर साध्या हॉटेलची खोली त्याहून स्वस्त निघाली, म्हणून हॉटेलात राहिलो. हॉस्टेलात राहायचा नवस थोडाच केला होता! जर्मनीतल्या सरकारमान्य यूथ हॉस्टेलांत कुटुंबांच्या खोल्या असतात, पण तिथं सभासदत्व लागतं. आपली यूथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया त्याच जागतिक संघटनेत आहे. निघण्याआधी तिच्या कार्डाची चौकशी करावी.

आता जे कोणत्याही जाहिरातीत नसतं ते. संडासात पाणी नसतं, कागद असतो. घडी होणारा मग बॅगेत हवाच. वुजूसाठी सामायिक बेसिन, त्यात पाय धुतले तर शेजारची बघत राहते. बेगम पाय न्हाणीघरात शॉवरखाली धुवून घ्यायच्या आणि खाली पडलेलं पाणी पुसून यायच्या. कोणी एका शब्दानं बोललं नाही. किबला तिथून आग्नेयेकडे. स्वयंपाकघर आहे का हे विचारून घ्यावं, शहरातल्या बऱ्याच हॉस्टेलांत ते नसतं. असलं तरी तव्यावर आधी काय भाजलं असेल सांगता येत नाही, म्हणून आम्ही छोटं पातेलं नेलं होतं. मांसाचे आणि दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळं सुका खिमा आणि पेढे घरीच ठेवा. कांदा-लसूण चटणी आणि खजूर चालतात.

इतकं झाल्यावर पोरगी म्हणाली, "पण चाची, कडी?"

बेगम तिला घेऊन दादींकडे गेल्या. त्यांनी खरं तेच सांगितलं. खोलीला कडी नसते. दार कार्डानं उघडतं आणि ते कार्ड फक्त त्या खोलीतल्या बायकांकडे असतं. आतून बंद करून घेता येत नाही, कारण सहा जणींपैकी कोणी रात्री उशिरा येते. न्हाणीघराला कडी असते. सामानाला कपाट असतं. काही ठिकाणी खाटेला पडदा असतो. दादी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "बोर्डिंगातही पोरं अशीच राहायची. पण तिथं वर सुपरिंटेंडेंट असायचा. इथं कोण?"

याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. आम्ही हॉस्टेललाच इंग्रजीत पत्र लिहिलं. रात्री काउंटरवर माणूस असतो का, स्त्रियांच्या मजल्याला वेगळं दार आहे का, खालची खाट मिळेल का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. माणूस रात्रभर असतो, खालची खाट राखून ठेवतो, वेगळं दार नाही. दादींनी ते पोरीकडून दोनदा वाचून घेतलं. 'वेगळं दार नाही' हेही त्यांनी लपवलं नाही, ही गोष्ट त्यांना पटली असावी. "कर," म्हणाल्या.

बुकिंग झालं. सहा खाटांची खोली, दहा रात्री, तीन दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल असं. जाण्याच्या आठवड्यात दादींनी ट्रंकेतून आपलं जुनं अलिगढी कुलूप काढून पोरीच्या हातात ठेवलं. कपाटाच्या कोयंड्यात त्याची जाड दांडी जाणार नाही हे आम्हाला दिसत होतं, पण बोललो नाही. पोरीनं एक बारीक कुलूप बाजारातून आणलं आणि दोन्ही बॅगेत टाकली.