एका वेळी एकानेच बोलावे

बंदोबस्ताच्या पोलिसांच्या हातात वॉकीटॉकी आपण नेहमी पाहतो. तिकडे अमेरिकेत तशाच जातीचा संच सामान्य माणसाला परवान्याशिवाय वापरता येतो. त्याचे नाव सिटिझन्स बँड, थोडक्यात सीबी रेडिओ. 27 मेगाहर्ट्झवरची ही सेवा 1958 साली सुरू झाली. चॅनेल 40, साध्या संचाची शक्ती अवघी 4 वॅट. काही किलोमीटर आवाज पोचला की झाले. बिल नाही, भाडे नाही.

1973 च्या तेलटंचाईत ट्रक ड्रायव्हरांनी हा रेडिओ गाजवला. डिझेल कोणत्या पंपावर मिळते, पोलीस कुठे दबा धरून आहेत, हे ते एकमेकांना सांगत. (पोलिसांची खबर देण्याचे आम्ही कौतुक करीत नाही.) मोबाईल आल्यावर सीबी मागे पडला. तरी 19 नंबरच्या चॅनेलवर ट्रकवाले आजही पुढचा अपघात, रस्त्यावरचा बर्फ कळवतात. फोन एकालाच लागतो. हे मागून येणारा अनोळखी माणूसही ऐकतो.

इथे खरे नाव सांगत नाहीत, टोपणनाव घेतात. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचेही 1976 मध्ये ‘फर्स्ट मामा’ असे नाव होते. आडनाव कुणी विचारत नाही, हे वाचून आमच्या वाचकांना बरे वाटेल. पण बोलण्याच्या ढबीवरून काळा माणूस ओळखून त्याला शिव्या देणारे तिथेही निघालेच. काळ्या बांधवांनी मग आपले सीबी क्लब चालवले.

बटण दाबले की बोलायचे, सोडले की ऐकायचे. जो दाबून धरतो त्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही आणि जवळपासच्यांचे बोलणेही त्याच्याखाली बुडते. एकाच घराने सगळा नळ अडवावा तसे. म्हणून आधी ऐकावे, चॅनेल मोकळा असेल तरच बोलावे. सलग पाच मिनिटांवर बोलू नये, मग निदान एक मिनिट गप्प राहावे, असा तिथला नियमच आहे. गाणी वाजवणे, अश्लील बोलणे मना. 9 नंबरचा चॅनेल संकटासाठी व वाटेत अडलेल्या प्रवाशासाठी राखीव. संकटाची हाक मात्र कोणत्याही चॅनेलवर आली तरी बाकीच्यांनी गप्प व्हायचे. चेपलेल्या गाडीत माणूस अडकला आहे आणि दुसराच कुणी बटणावर बोट ठेवून गप्पा हाणतो आहे, तर त्या बिचाऱ्याची हाक पोचणार कशी?

आपल्या वस्तीतली कितीतरी मुले सोसायट्यांत, कारखान्यांत वॉचमन आहेत. त्यांच्या हातातला वॉकीटॉकी सीबी नव्हे, पण बटणाची रीत तीच. बटण दाबून क्षणभर थांबावे, नाहीतर पहिला शब्द तुटतो. आधी ज्याला बोलवायचे त्याचे नाव घ्यावे, मग आपले, मग ठिकाण. ‘तीन नंबर गेटवर आग’ यातला ‘तीन’ गेला, तर माणसे भलत्याच गेटकडे धावतील.